कापूस

“इशू, आईला सांग, आजोबाला तहान नाही म्हणावं.”

इशूनं मामांच्या चष्म्याची दोरी तोंडात धरली होती. ती काही सांगायच्या बेतात नव्हती. मी पाण्याची बाटली पिशवीत परत ठेवली.

“मामा, कराड सोडल्यापासून घोटभर पाणी नाही प्यायलात तुम्ही.”

“आईला म्हणावं, जन्म एसटीत गेला आजोबाचा. प्रवासात पाणी कमी प्यावं.”

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा माझ्याशी थेट बोलत नसत. राग नव्हता, अबोला नव्हता. त्यांच्या घरात सासरा सुनेशी बोलतच नसे, एवढंच. लग्न झाल्यावर सगळे निरोप आत्यांच्या मार्फत यायचे. ‘तिला म्हणावं, चहात साखर जास्त झाली.’ मी तिथंच, हातभर अंतरावर उभी. इशू मान धरायला लागली तसं हे टपाल तिच्याकडं गेलं. आज ती पहिलीत आहे आणि साऱ्या आळीला पुरून उरेल इतकं बोलते. तेव्हा मात्र ती नुकती बसायला लागली होती आणि घरातली सगळी ने-आण लाळ गाळत, इमानेइतबारे पार पाडायची.

आम्ही तिघं पुण्याच्या विमानतळावर इंदूरच्या विमानाची वाट बघत बसलो होतो. इंदूरला मामांची थोरली बहीण होती, आक्का. आई लवकर गेली म्हणून मामांना तिनंच कडेवर घेऊन वाढवलेलं. आदल्या दिवशी तिचा मुलगा शिरीषदादा फोनवर म्हणाला होता, “मामा, डॉक्टरांनी हात टेकलेत. आई फक्त तुमचं नाव घेतेय. यायचं तर उद्याच या.” शिरीषदादाचे ते खरेखुरे मामा. विक्रांत, माझा नवरा, मस्कतला साइटवर होता. त्यानं तिथूनच तिकिटं काढली. आत्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ताजं, त्यांना हलता येत नव्हतं. उरले मी. आणि इशू अंगावर पिणारी, त्यामुळं जिथं मी तिथं ती.

मामा लग्नाकार्यातली तपकिरी पँट घालून, खांद्यावर शाल टाकून ताठ बसले होते. ते कराड स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. त्यांच्या आवाजावर अख्खा तालुका गाड्या पकडायचा. वर कर्ण्यातून बाई काहीतरी सांगायला लागली की ते कान टवकारत.

“आईला सांग, बाईचा आवाज गोड आहे. पण गाडी कुठं लागली ते काय शेवटपर्यंत कळत नाही.”

मला हसू आलं. त्यांनाही थोडं आलं असावं. पण सकाळपासून ते कसनुसेच होते. सामान देतानाही तसंच झालं. आमची एक मोठी बॅग होती आणि एक कापडी पिशवी. आत्यांनी ती भरून बंदांना गाठ मारून मामांच्या हातात दिली होती. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “अंकल, इसमें क्या है?” मामांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग सरकत्या पट्ट्याकडं. “कपडे,” म्हणाले आणि पिशवी स्वतःच पट्ट्यावर ठेवून दिली. रबराच्या झालरीतून ती आत दिसेनाशी झाली तरी ते तिकडंच बघत राहिले. पहिलाच विमानप्रवास, म्हणून असेल, असं मला वाटलं.

इशूचे पुसायचे ओले कागद संपले होते. आमच्या समोरच औषधांचं दुकान होतं.

“मी जाऊन येते. तुम्हाला काही आणू?”

मामांनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“इशू... आईला विचार, तिथं कापूस मिळतो का?”

“कापूस?”

“मोठा. बंडल असतो बघ. निळ्या कागदातला.”

निघताना आत्यांनी चारचारदा बजावलं होतं, विमानात कानाला दडे बसतात, कापूस घाला. मला तेच आठवलं.

दुकान कसलं, आरसेमहालच तो. मानेखाली घ्यायच्या उशा, बोटाएवढ्या टूथपेस्ट, मळमळीच्या गोळ्या, उन्हाचं मलम, ओठांचं मलम. दुकानातली मुलगी हसून म्हणाली, “मॅम, दोन फेसवॉशवर एक लिपबाम फ्री आहे.” मी इशूचे कागद घेतले आणि कापूस मागितला. तिनं तळहातात मावेल एवढं पाकीट काढलं. आत गोल गोल चकत्या.

“बंडल नाही?”

“बंडल नाही येत मॅम. हा मेकअप काढायचा.”

मी ते पाकीट मामांच्या हातात दिलं. “कानात घालायला पुरेल ना?”

मामांनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. वर मात्र बघितलं नाही.

“पुरेल म्हणावं,” ते इशूला म्हणाले, आणि हात धुऊन येतो असं पुटपुटत गेले. आले ते आधीच्या जागेवर न बसता कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. शाल खांद्यावरून मांडीवर आली होती.

इंदूरचं विमान लागल्याचा पुकारा झाला. माणसं झटक्यात उठून रांगेत उभी राहिली.

“मामा, चला.”

“आईला सांग, गर्दी ओसरू दे. लायनीत उभं राहिलं म्हणून गाडी लवकर सुटत नाही.”

हे पटण्यासारखं होतं. मी इशूला थोपटत थांबले. रांग निम्मी झाली. मग थोडीच माणसं उरली.

“मामा, आता उठा.”

ते गालिच्याकडं बघत होते.

“इशू, आईला सांग, तुम्ही दोघी जा. आजोबा येत नाही.”

“येत नाही म्हणजे?”

“आक्काला नमस्कार सांग म्हणावं. मी मागनं एसटीनं येतो.”

“एसटीनं? इंदूरला?”

“धुळ्यावरनं जातात गाड्या. शिरपूर, सेंधवा...”

“मामा, पोचेस्तोवर उद्या उजाडेल! तोवर आक्का...”

तेवढ्यात शिरीषदादाचाच फोन आला. “बसलात का गं? आई आत्ता डोळे उघडून म्हणाली, दिन्या आला का. मी म्हटलं, निघाला. बरोबर ना?”

मी फोन मामांपुढं धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही, तसाच वाकून बोलले, “येतोय म्हणून सांग तिला.” मी फोन बंद केला तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. तरी ते उठेनात.

मी मस्कतला फोन लावला. विक्रांत कामावर होता, मागं यंत्रं घरघरत होती.

“बाबांना दे.”

मामा ऐकत राहिले. “हां... हां... तसं नाही... हां. ठेव.” त्यांनी फोन खुर्चीच्या हातावर ठेवला. मी उचलला तर विक्रांत मलाच म्हणाला, “हट्टी आहेत गं ते. तूच काहीतरी कर.”

“काय करू? कडेवर घेऊ? एक आहेच!”

दारावरची निळ्या स्कर्टातली मुलगी आमच्याकडं आली. वाकून गोड आवाजात म्हणाली, “अंकल को व्हीलचेयर चाहिए क्या?”

“नको!”

स्टँडवरचा तो जुना आवाज असा काही निघाला की लांबची माणसं वळून बघायला लागली. मामांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते, जणू कुणी त्यांना उपटून काढणार होतं. मुलगी बिचकून मागं झाली. “मॅम, लवकर करा. थोडाच वेळ आहे,” ती मला मराठीत म्हणाली आणि गेली.

माझा धीर सुटत चालला. दंड भरून आले होते, इशू चुळबुळत होती.

“घ्या हिला जरा. मी त्यांच्याशी बोलून थोडा वेळ मागून बघते.”

मी इशूला त्यांच्यापुढं धरलं. आजोबा दिसले की तिला कुणीच लागायचं नाही. दोन्ही हात पसरून तिनं अंग झोकलं. मामांनी तळवे पुढं करून तिला अडवलं.

“नको. नको. आईकडंच थांब तू.”

इशूचा ओठ बाहेर आला. मीही बघतच राहिले. ही पोर जन्मल्यापासून मामांनी तिला कधी नको म्हटलं नव्हतं. जेवत असले तरी डावा हात पुढं करायचे.

“मामा?”

ते कुणालाच नाही असं बोलले, “पोरीचं झबलं खराब होईल.”

लेकुरवाळ्या बाईला एक वास झोपेतसुद्धा कळतो. मी आधी इशूलाच चाचपलं. ती कोरडी होती.

मग मी मामांच्या मांडीवरच्या शालीकडं बघितलं. गुडघ्यापर्यंत ओढून घेतलेली ती शाल एका बाजूनं गडद झाली होती. खुर्चीची कडही.

दिवाळीनंतर मामा काही दिवस दवाखान्यात होते. कसलं ऑपरेशन, मला कुणी सांगितलं नव्हतं. “पुरुषांचं असतं ते,” एवढंच आत्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून त्या दुपारी परसात बसून जुन्या मऊ लुगड्यांचे तुकडे फाडायच्या, त्यांच्या जाड घड्या शिवायच्या आणि वेगळ्या दोरीवर वाळत घालायच्या. इशूसाठी असतील म्हणून मी एकदा घ्यायला गेले तर माझ्या हातातून काढून घेतल्या होत्या. त्याच घड्या गाठ मारलेल्या पिशवीत होत्या. ती पिशवी आता विमानाच्या पोटात होती, कारण सुनेदेखत ती उघडून दाखवायला लागू नये म्हणून मामांनी आपल्या हातानं ती पट्ट्यावर ठेवली होती. आणि निळ्या कागदातला कापूस काही कानासाठी नव्हता.

मला कळलं हे मामांना कळलं. आम्ही दोघंही गालिच्याकडं बघायला लागलो.

आमच्यातलं पुरुषमाणूस तिथं कुणी नव्हतं. परक्या कुणाला काय म्हणून सांगायचं? मामांना तर धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. आणि दाराशी आता शेवटची चार-दोन माणसं उरली होती.

“आलेच,” मी म्हटलं आणि दुकानाकडं धावले.

“मोठ्या माणसांचे डायपर आहेत?” मी हळूच विचारलं.

“काय मॅम?”

“डायपर. मोठे.”

“आहेत ना. लार्ज, एक्स्ट्रा लार्ज. बेबी किती किलोची आहे?”

“बाळाचे नाही गं. मोठ्या माणसांचे. वयस्करांचे.”

“ते नाही ठेवत आम्ही,” ती खरंच वाईट वाटून म्हणाली. “इथं कोणी मागतच नाही. दुसरं काही? सनस्क्रीनवर...”

मी तिच्या मागच्या फळ्या वरपासून खालपर्यंत बघितल्या. पट्ट्या होत्या, मलमं होती, पावडरी होत्या. सगळ्यात खाली, जिथं त्या नेहमीच असतात तिथं, बायकांच्या पॅडची पाकिटं होती. रात्रीची, लांब. बाळंतपणात मी तीच वापरली होती.

कराडच्या घरात अजून बाजूला बसायची चाल होती. ते चार दिवस मी मागच्या दाराशी सतरंजीवर, आणि मामा त्या दारातून जा-ये करायचेच नाहीत, परसात जायचं तर घराला वळसा घालून. एकदा माझं पाकीट कपाटातून सोप्यात पडलेलं त्यांच्या नजरेला पडलं, तर ते तसेच उलट पावली निघून गेले आणि आत्यांनी ते उचलल्याचा निरोप जाईपर्यंत जेवायला आत आले नाहीत.

“हे द्या,” मी म्हटलं. “आणि ती पावडर.”

“बोर्डिंग पास, मॅम.”

“कशाला?”

“बिलाला लागतो.”

पास मामांच्या शर्टाच्या खिशात होते. मी परत धावले, न बघता हात पुढं केला, त्यांनी न बघता पास दिला. परत दुकानात. पुढं एक गृहस्थ मानेच्या उशा दाबून दाबून बघत होते, निळी घेऊ का करडी. “भाऊ, माझं आधी होऊ द्या, विमान चाललंय,” म्हटल्यावर ते बाजूला झाले.

“काळी पिशवी आहे?”

“एअरपोर्टला काळी पिशवी नसते मॅम. ही घ्या.” तिनं पारदर्शक पिशवी दिली.

मी पाकीट इशूच्या दुपट्यात गुंडाळलं. वर थोडे ओले कागद, पावडर. मामांपासून एक खुर्ची सोडून बसले. पुडकं मधल्या खुर्चीवर ठेवलं आणि इशूला त्यांच्याकडं तोंड करून मांडीवर घेतलं.

“इशू,” मी म्हटलं, “आजोबांना सांग, दुपट्यात एक पुडकं आहे. ते घेऊन आत जायचं.”

मामा हलले नाहीत.

“आजोबांना सांग, आधी ओल्या कागदानं नीट पुसून घ्यायचं. पावडर लावायची. मग पुडक्यातली एक घडी उघडायची. तिच्या मागं कागद असतो, तो ओढून काढायचा. ती बाजू चिकट असते. ती आतल्या कपड्याला लावायची, अंगाला नाही. एक पुढं, एक मागं. दोन लागतील.”

इशूनं माझं कानातलं धरून ओढलं. मी तिचा हात सोडवला.

“आजोबांना सांग, इंदूरपर्यंत काही होत नाही मग. तू झालीस तेव्हा आईचंही असंच होत होतं. खोकलं तरी व्हायचं. आईनं हेच लावलं होतं.”

माझ्या आईलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.

मामांनी दुपट्याचं टोक उचलून आत बघितलं आणि लगेच सोडलं.

“इशू,” त्यांचा आवाज खोल गेला होता, “हे... हे बायकांचं असतं ना, विचार.”

“हो. पण कापसाचंच असतं, सांग आजोबांना.”

कर्ण्यातली बाई शेवटचा पुकारा करायला लागली.

“तुझ्या आजीला...”

“आजीला कोण सांगतंय म्हणावं? आईला कामं आहेत. आणि इशूला तर बोलताच येत नाही.”

मामांच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला. हसणं होतं की दुसरं काही, मला ठरवता आलं नाही. ते उठले, शाल कमरेभोवती घेतली, पुडकं छातीशी धरलं आणि भिंतीच्या कडेकडेनं गेले.

मागं ठेवून घेतलेल्या ओल्या कागदांनी मी खुर्ची पुसून काढली. पलीकडच्या बाईंनी इशूकडं बघून मान डोलावली. “बाळाचं झालं वाटतं?”

“हो ना,” मी म्हटलं.

मग मी पुरुषांच्या दाराबाहेर उभी राहिले. दारावर टोपीवाल्या माणसाचं चित्र. त्या दाराच्या आत मला जाता येत नव्हतं आणि मामांना बाहेर काढता येत नव्हतं. कर्ण्यातून आमची नावं आली. “दिनकर गयानू थोराट” असं काहीतरी बाई म्हणाली. मी गेटकडं पळाले.

“थांबा जरा! आजोबा आत गेलेत, येताहेत.”

“मॅम, गेट बंद करायचंय. तुम्ही आणि बेबी बसून घ्या.”

“आम्ही बसून काय करू? त्यांची बहीण आहे ती. जायला टेकलीय. त्यांच्यासाठीच निघालोय आम्ही.”

ती यंत्रात काहीतरी बोलली, घड्याळाकडं बघितलं. “पटकन आणा त्यांना.”

मी परत पळाले. इशूला ही शर्यत आवडली होती, ती खिदळत होती. आतून एक तरुण गृहस्थ हात पुसत बाहेर आले, त्यांची वाट अडवून मी विचारलं, “आत एक आजोबा आहेत, पांढरा शर्ट. बरे आहेत का बघता?”

ते आत जाऊन आले. “दार लावून आहेत. ‘आलो, आलो’ म्हणताहेत.”

“मामा!” मी बाहेरूनच ओरडले. “मामा, चला!”

मामा आले ते पाण्यानं केस चापून बसवलेले, शर्ट नीट खोचलेला, शालीची घडी हातावर. सकाळपासून पहिल्यांदा ते नीट चालत होते.

“चल, मयूरी,” ते म्हणाले. “चल लवकर.”

आम्ही धावलो. एका हातानं मी इशूला धरलं होतं, दुसऱ्या हातानं त्यांचं कोपर.

काचेचं दार लागलं होतं.

निळ्या स्कर्टातली मुलगी दारापुढं उभी होती. तिनं आमच्याकडं बघून मान हलवली, अगदी बारीक. “आत्ताच झालं मॅम. विमानाचं दारही लागलं. तुमचं सामान उतरवलंय, खाली पट्ट्यावर मिळेल.”

“उघडा ना. समोर तर उभंय विमान!”

“माझ्या हातात नाही मॅम.”

“मग कुणाच्या हातात आहे? त्यांना बोलवा. एका माणसाचा जीव अडकलाय तिथं, कळतंय का तुम्हाला? मी पाया पडते तुमच्या...” मी खरंच वाकले असते. इशू माझा आवाज ऐकून रडायला लागली. त्या मुलीचेही डोळे भरून आले, पण ती दारापुढून हलली नाही.

“दुसरं विमान?” मी विचारलं.

“उद्या सकाळी.”

“मयूरी, राहू दे,” मामा म्हणाले. “त्या पोरीला बोलून काय होतंय? दार लागलं म्हणजे लागलं.”

आम्ही काचेच्या भिंतीशी जाऊन उभे राहिलो. दुसरीकडं कुठं जायचं ते सुचत नव्हतं. विमान हाकेच्या अंतरावर होतं, त्याच्या लहान लहान खिडक्यांत माणसांची डोकी दिसत होती. माझ्या हातातला फोन वाजला. शिरीषदादा.

“बसलात ना?” तो घाईघाईनं बोलत होता. त्याचा श्वास नीट लागत नव्हता. “ऐका, आई जागी आहे. पुन्हा विचारतेय. मी फोन तिच्या कानाशी धरतो. मामांना बोलू दे. लवकर.”

मी फोनचा आवाज मोठा केला आणि मामांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला.

“आक्के.”

पलीकडून आधी नुसता श्वास आला. मग सुतासारखा आवाज.

“दिन्या... निघालास?”

समोर एक ठेंगणा ट्रॅक्टर विमानाला मागं मागं ढकलायला लागला होता.

“निघालो गं,” मामा म्हणाले. “बसलोय आत. आत्ताच सुटलं.”

मी त्यांच्याकडं बघितलं. ते विमानाकडं बघत होते.

“खिडकी मिळाली रे?”

“मिळाली. खिडकीतच आहे.”

“मग सांग की.”

हे काय, ते मला तेव्हा कळलं नाही. शिरीषदादानं नंतर सांगितलं. आई गेल्यावर दोघं भावंडं सुट्टीत एसटीनं आजोळी जायची. आक्कांना गाडी लागायची. मग त्या डोळे गच्च मिटून धाकट्या भावाला खिडकीत बसवायच्या आणि बाहेर काय दिसतंय ते सांगायला लावायच्या. तो सांगत असला की त्यांची मळमळ थांबायची.

“आता वळलं बघ,” मामा म्हणाले. “लांबलचक रस्ता आहे. रस्ता कसला, मैदानच. आता पळतंय. लई जोरात पळतंय, आक्के. तू डोळे उघडू नको.”

“नाही उघडत.”

“हां, उचललं. घरं बारीक झाली बघ, काड्यापेट्यांएवढी. पुणं खाली राहिलं सगळं.”

खरं विमान अजून धावपट्टीच्या टोकाशी खोळंबलं होतं. मामांचं विमान पुढं गेलं होतं. मागं कर्ण्यातली बाई दुसऱ्याच कुठल्या गावाची नावं पुकारत होती. निळ्या स्कर्टातली मुलगी आमच्यापाशी काही सांगायला आली होती, ती तशीच परत फिरली.

“ढग आले. कापसासारखे आहेत. आता... आता आपलं कराड आलं.”

कराड पुण्याच्या दक्षिणेला आणि इंदूर उत्तरेला. मामांना रस्ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

“संगम दिसतोय, आक्के. कोयना इकडनं, कृष्णा तिकडनं. पाणी बख्खळ आहे औंदा. वाळवंटात पोरं खेळतायत.”

फोनमधून काही आलं नाही. मग शिरीषदादाचा आवाज आला. “मामा.” थोड्या वेळानं पुन्हा, “मामा... आई...” आणि त्याला बोलता येईना. तो रडत होता, ते मला ऐकू आलं. मामांनाही आलंच असणार. मी त्यांच्या हाताला हात लावला. त्यांनी फोन आणखी घट्ट धरला आणि कपाळ काचेला टेकवलं.

“घाटावर बाया धुणं आपटतायत,” मामा म्हणाले. “पुलावरनं एसटी चाललीय बघ, आक्के. लाल.”